फोर बाय फाइव्हवर स्टिरिओ: आधी बघायचं कसं ते ठरव, मग कॅमेरा सरकव

भावा, तू विचारलंस ते थोडक्यात असं: फोर बाय फाइव्हचा, म्हणजे चार बाय पाच इंचांच्या फिल्म शीटवर काढणारा, फील्ड कॅमेरा आहे, १५० मिमीची एकच लेन्स आहे, स्टिरिओ जोड्या (दोन डोळ्यांसाठी दोन फोटो, एकत्र बघितले की खोली दिसते) काढायच्या आहेत, तर दोन फोटोंच्या मधे कॅमेरा किती सरकवायचा, आणि जमलं तर एवढे मोठे प्रिंट बघायचे कसे तेपण सांगा. म्हणजे काढायचं आधी आणि बघायचं शेपटीला. सगळे याच क्रमानं विचारतात आणि मग कपाटात निगेटिव्हच्या जोड्या साठत जातात, कारण काढणं सोपंय राव, घोडं पेंड खातं ते बघण्यात. म्हणून मी उलटीकडनं सांगतो. बघायचं साधन आधी ठरव, त्यावरनं प्रिंटचा साईज ठरतोय, प्रिंटवरनं बेस, म्हणजे दोन फोटोंमधे कॅमेरा सरकवायचं अंतर, ठरतोय, आणि मग उरतं ते नुसतं कॅमेरा सरकवणं.

अडचण काय आहे बघ. आपल्या दोन डोळ्यांतलं अंतर साधारण ६३ ते ६५ मिमी. दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवले की लांबच्या डोंगराचं टोक डाव्या प्रिंटमधे जिथं आहे आणि उजव्या प्रिंटमधे जिथं आहे, त्या दोन ठिपक्यांतलं अंतर तेवढंच किंवा कमी पाहिजे. जास्त झालं की डोळे बाहेरच्या बाजूला फाकवायला लागतात, ते डोळ्यांना जमत नाही आणि जबरदस्ती केली तर डोकं धरतंय. आता फोर बाय फाइव्हचे आडवे कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्हएवढेच प्रिंट, शेजारी ठेवलेस तर हे अंतर होतंय सव्वाशे मिमी, उभे ठेवलेस तरी शंभर. विषय तिथंच संपला.

यावर लोक काय करतात तर निगेटिव्ह स्कॅन करून होम्स पद्धतीच्या कार्डावर आणतात. ते लाकडी दांड्याचं जुनं स्टिरिओस्कोप असतं ना, त्याचं कार्ड सात इंच बाय साडेतीन इंच, एकेक चित्र जेमतेम तीन इंच रुंद, आणि त्याच्या भिंगांना प्रिझमसारखा उतार असतो म्हणून तीन-सव्वातीन इंचांचं अंतर त्यात खपून जातं. फाइव्ह बाय सेव्हनचा प्रिंट कुठल्याही कलर लॅबमधे निघतो, त्यात असं एक कार्ड बसतं. चांगलं दिसतं, पाव्हण्यांच्या हातात द्यायला सोयीचं आहे, मीपण करतो. पण एवढा मोठा निगेटिव्ह काढून शेवटी तीन इंचांवरच यायचं असेल तर साधा डिजिटल कॅमेरा काय वाईट होता? दुसरा मार्ग डोळे तिरळे करून बघायचा, डावा फोटो उजवीकडं आणि उजवा डावीकडं ठेवून. फुकटात होतंय आणि तपासणीला उत्तम आहे, पण चित्र लहान वाटतं आणि दहातल्या निम्म्या लोकांना ते जमतच नाही. लाल-निळ्या चष्म्याचं तर नावच काढू नकोस, ब्लॅक अँड व्हाइटचे सगळे टोन मातीत जातात.

मोठ्या प्रिंटला खरं उत्तर आहे ते सगळ्यात जुनं. चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ साली जो स्टिरिओस्कोप मांडला तो आरशांचा होता, आणि गंमत म्हणजे तेव्हा फोटोग्राफी जाहीरसुद्धा झाली नव्हती, ती १८३९ ला झाली, त्यानं हातानं काढलेल्या आकृत्याच वापरल्या होत्या. भिंगांचा छोटा डबा ब्रूस्टरनं १८४९ ला आणला आणि होम्सचं हातातलं स्टिरिओस्कोप १८६१ च्या आसपासचं. ते सुटसुटीत म्हणून घरोघरी गेले आणि आरशांचं मागं पडलं. पण आरशांच्या यंत्रात चित्र केवढंही चालतं, कारण दोन चित्रं शेजारी नसतातच, ती डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर उभी असतात आणि मधे नाकासमोर दोन आरसे काटकोनात. डावा डोळा डाव्या आरशातनं डावा प्रिंट बघतो, उजवा उजवा. विषय हार्ड.

हे घरी बनतं. दोन फूट बाय एक फूट बारा मिमीचा प्लाय घे. त्याच्या पुढच्या काठापासून चार इंच आत, मधोमध, दहा बाय दहा सेमीचे दोन आरसे असे उभे कर की त्यांची जुळलेली कड तुझ्या नाकाकडं येईल आणि दोन्ही आरसे तिथनं ४५ अंशांत मागं जातील. मधल्या रेषेपासून दोन्हीकडं २७ सेमीवर प्रिंट उभे करायला दोन फळ्या लाव, पण त्या पक्क्या ठोकू नकोस, पुढंमागं सरकतील अशा ठेव, कारण दोन चित्रं एक होण्यासाठी शेवटची जुळवणी त्या सरकवण्यातच होते. प्लायच्या पुढच्या काठाला हनुवटीपुरती खाच काप, नाहीतर डोळे आरशाजवळ पोचतच नाहीत, हे कुठल्या नकाशात लिहिलेलं नसतं. दोन्ही प्रिंटवर एकाच जातीचे, एकाच वॅटचे बल्ब पाहिजेत, एक पिवळा एक पांढरा असला की चित्र एकजीव होत नाही.

आरसे मात्र साधे चालत नाहीत. घरातल्या आरशाला मुलामा काचेच्या मागं असतो, त्यामुळं काचेच्या पुढच्या पृष्ठभागाचं एक फिकट दुसरं चित्र पडतं आणि कडा दुहेरी दिसतात. पुढच्या बाजूनं मुलामा असलेला, फर्स्ट सर्फेस आरसा लागतो. नवा मागवता येतो, पण त्याआधी कॉलेजच्या भंगारात बघ. शिकवायला ते जुने ओव्हरहेड प्रोजेक्टर असायचे ना, त्याच्या वरच्या डोक्यात जो तिरका आरसा असतो तो बहुतेक असाच असतो. ओळखायचं कसं, तर पेन्सिलीचं टोक हळूच आरशाजवळ न्यायचं, टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर फर्स्ट सर्फेस, मधे फट राहिली तर साधा. कापायचा तो काचेच्या मागच्या बाजूनं, आणि फडक्यानं कधी पुसायचा नाही, फुंकणीनं धूळ उडवायची, फारच झालं तर डिस्टिल्ड पाण्यात कापूस भिजवून नुसता फिरवायचा.

एक गोष्ट ध्यानात ठेव, एका आरशातनं बघतोयस म्हणजे चित्र डावं-उजवं उलटं दिसणार. त्यामुळं प्रिंटच उलटा काढायचा, एन्लार्जरमधे निगेटिव्ह पालथा घालायचा, झालं. स्कॅन करून काढत असशील तर एक क्लिक. ते नको असेल तर चार आरशांचं यंत्र लागतं, त्यात उलट्याचं परत सुलट होतं. असं यंत्र तू बघितलं असशील कदाचित, कॉलेजांच्या भूगोल विभागात हवाई फोटो बघायला मिरर स्टिरिओस्कोप असतो तो हाच. हवाई फोटो २३ सेमीचा चौरस असतो, त्यामुळं तुझे उभे एट बाय टेनचे (आठ बाय दहा इंचांचे) प्रिंट त्याखाली सहज मावतात. कुणा प्राध्यापकांशी ओळख असेल तर स्वतःचं बनवायच्या आधी एकदा जोडी घेऊन जा.

प्रिंटचा साईज एट बाय टेन का म्हणतोय तेपण सांगतो. १५० ची लेन्स आहे, दुप्पट एन्लार्ज केलंस की तो प्रिंट ३०० मिमीवरनं बघितला तर कॅमेऱ्यानं जसं बघितलं तस्संच डोळा बघतो, आणि वर जी मापं दिली त्यात डोळ्यापासून आरसा आणि आरशापासून प्रिंट मिळून तेवढंच भरतं. कॉन्टॅक्ट प्रिंट याच हिशोबानं १५० मिमीवरनं बघायला पाहिजे, तेवढ्या जवळ डोळा फोकस करत नाही, आणि लांबनं बघितलं की खोली ताणल्यासारखी होते, माणसाचं नाक जरा जास्तच पुढं येतं. दिसतं सुंदरच, पण खरं नसतं.

आता बेसचं. साधा नियम सगळ्यांना माहीत असतो, सगळ्यात जवळच्या वस्तूचं अंतर भागिले ३०. दोन मीटरवर काही असेल तर साडेसहा सेमी, म्हणजे आपल्या डोळ्यांएवढंच. तीन मीटरला दहा सेमी, दहा मीटरला ३३. हा ३० कुठनं येतो तर १५० च्या लेन्सवर त्यानं जवळच्या आणि लांबच्या वस्तूंमधे फिल्मवर पाच मिमीचा फरक पडतो, एट बाय टेनवर दहा मिमी, आणि ३०० मिमीवरनं बघताना तेवढा डोळ्याला आरामात झेपतो. म्हणजे तो आकडा काही देवानं दिलेला नाही. प्रिंट तेवढाच आणि बघायचं अंतर तेवढंच ठेवून ३०० ची लेन्स लावलीस तर ३० च्या जागी ६० धर, ९० ची लावलीस तर १८.

आणि मागं क्षितिज नसेल तर हा नियम उगीच कंजूषपणा करतो. समज टेबलावर कोल्हापुरी चप्पल ठेवलीस, पुढचं टोक कॅमेऱ्यापासून ६० सेमी, मागचा पडदा ८० सेमी. नियमानं बेस येतो दोन सेमी आणि चप्पल पुठ्ठ्याची दिसते. अशावेळी जवळचं अंतर गुणिले लांबचं, भागिले दोघांतला फरक, त्याला परत भागिले ३०. साठ गुणिले ऐंशी भागिले वीस म्हणजे २४०, भागिले ३० म्हणजे आठ सेमी. एवढ्या जवळ फोकस करताना बेलो (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाता) १५० मिमीचा १९० च्या आसपास ताणलेला असतो, म्हणून त्या प्रमाणात कमी करून सहाच्या थोडं वर धर. त्या वेणीचा एकेक पदर वर उठून येतो बघ.

उलट पन्हाळ्यावर. तटबंदीवरनं खालची दरी घ्यायची असेल आणि जवळात जवळचं झाड तीनशे मीटरवर असेल तर बेस दहा मीटर, म्हणजे ट्रायपॉड उचलून तटावरनं चालत जायचं आणि दुसरा काढायचा. दरी भरून दिसते, पण सगळं प्रदर्शनातल्या मॉडेलसारखं छोटं वाटायला लागतं, तो दहा मीटर लांब डोळे असल्याचा परिणाम आहे. काहींना आवडतं. मला एखादवेळी बरं वाटतं, रोज नको. आणि त्यात चालायच्या वेळेत ढगाची सावली सरकली तर ती सावली हवेत तरंगताना दिसते.

सरकवायची पट्टी. बाहेरचं काही मागवू नकोस, तू कोल्हापुरात राहतोस. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा अख्खा कॅमेरा या गावात बनवला, तुला तर नुसती एक सरळ पट्टी पाहिजे. उद्यमनगरात कुठल्याही मिलिंगवाल्याकडं अ‍ॅल्युमिनियमची डोवटेल स्लाइड करून मिळते, ४० सेमी लांब, वर मिमीची स्केल चिकटवायची. कपाटाच्या ड्रॉवरचं चॅनेल लावायचा मोह होईल, लावू नकोस, त्याला खेळ असतो आणि टोकाला गेलं की झुकतं. पैसे वाचवायचे तर त्याहून साधं म्हणजे एक फळी, तिच्या मागच्या काठाला खिळवलेली एक सरळ लाकडी पट्टी, आणि कॅमेऱ्याचा बेस त्या पट्टीला टेकवून सरकवायचा. कॅमेरा तीन-चार किलोचा असतो, मधल्या ट्रायपॉडवरनं एका बाजूला गेला की सगळं तिकडं कलतं, म्हणून मधल्या खुणेच्या डावीकडं अर्धं उजवीकडं अर्धं असं सरकव आणि दोन्ही जागी लेव्हल बघ. वीस सेमीच्या वर बेस असेल तर फळीखाली दोन ट्रायपॉड.

कॅमेरा सरकवायचा, वळवायचा नाही. वस्तू मधे आणायला म्हणून आत वळवलास की दोन्ही चित्रांचे कोपरे वरखाली होतात, आणि दोन डोळ्यांतला उभा फरक डोळे अजिबात माफ करत नाहीत, आडवा फरक म्हणजे खोली, उभा फरक म्हणजे डोकेदुखी. मागची पाठ नेहमी बेसला समांतर, मागचा स्विंग (पाठ तिरकी करायची सोय) शून्यावर. इथंच तुझ्यासारख्या व्ह्यू कॅमेऱ्याचा, म्हणजे लेन्स आणि पाठ वेगवेगळी हलवता येणाऱ्या कॅमेऱ्याचा, खरा फायदा आहे. डाव्या जागेवर फोकस करून सगळ्यात जवळची एक ठळक वस्तू निवड, पायरीचा कोपरा म्हण, ग्राउंड ग्लासवर (पाठीवरच्या धूसर काचेवर) तिच्या जागी शिसपेन्सिलीनं बारीक फुली मार. उजव्या जागेवर गेल्यावर लेन्सचा आडवा शिफ्ट फिरवून तोच कोपरा त्याच फुलीवर आण. त्यामुळं फोटोची चौकट त्या कोपऱ्याच्या अंतरावर बसते आणि बाकी सगळं चौकटीच्या आत, खिडकीतनं बघावं तसं. शिफ्ट नसेल तर नंतर प्रिंट कापताना हेच करायचं, एट बाय टेनवर दहाएक मिमी कडेचं जातं एवढंच. चौकटीची कड ज्या वस्तूला कापते ती वस्तू चौकटीच्या पुढं येता कामा नये, ते बघायला फार खटकतं.

स्टिरिओमधे धूसर मागचा भाग चालत नाही, डोळा तिथं जातो आणि फोकस शोधत बसतो. लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ ३२ किंवा ४५ ला बंद कर. १५० ला एफ ४५ वर पाच मीटरला फोकस केलंस तर अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्यासारखं येतं, आणि अडीच मीटरला बेस आठ सेमी, हिशोब जुळतो. दोन्ही फोटोंना तेच अ‍ॅपर्चर, तोच शटर, दुसऱ्यांदा मीटर बघून हुशारी करायची नाही. दोन्ही शीट एकत्र एकाच डेव्हलपरमधे. आणि डावा कुठला उजवा कुठला हे अंधारात कळावं म्हणून शीट ज्यात भरतो त्या प्रत्येक होल्डरच्या एका बाजूच्या फ्लॅपला आतनं कानशीनं छोटी खाच पाड, फिल्मच्या कडेला ती खाच उमटते. खाचेची बाजू नेहमी डाव्या फोटोला. ही सवय एकदा लागली की बाकी वह्या लिहायची गरज नाही.

फिल्मचा खर्च दुप्पट होतो हे खरं आहे, त्यामुळं सुरुवातीला एक्स-रे फिल्म वापर. एट बाय टेनचं शीट लाल दिव्यात चार तुकडे करायचं, फक्त खरी फोर बाय फाइव्ह शीट नावापेक्षा दीड-एक मिमी लहान असते म्हणून तेवढं छाटायला लागतं. दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) असतं, ट्रेमधे नखसुद्धा लागू देऊ नकोस, तळाला काच ठेव. तिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळं तालमीची लाल माती काळीकुट्ट येईल हे धरून चाल.

तुझ्या दुसऱ्या ओळीत तू घरातल्या जुन्या स्टुडिओच्या लाकडी हाफ प्लेट (पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या) कॅमेऱ्याचा उल्लेख केलायस. तो वागीश्वरीचा असेल, केरळातल्या आलप्पुळाचे ते सागवानी कॅमेरे आपल्याकडं स्टुडिओत असायचे, तर त्याच्यावर एकाच शीटवर जोडी निघते. लेन्सबोर्ड आडवा सरकेल अशी पट्टी सुताराकडनं करून घे, एक जुनी डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) अर्धी काप म्हणजे एका वेळी अर्धंच शीट उघडं राहील. अर्ध्या शीटची रुंदी सव्वातीन इंच, लेन्स तेवढीच सरकते, म्हणजे बेस ८२ मिमी ठरलेला, अडीच मीटरच्या अलीकडं काही नको. कॅमेरा हलतच नाही त्यामुळं वरखालीचा प्रश्न मिटतो. मात्र प्रिंट तसाच बघू नकोस. लेन्स प्रत्येक अर्धं चित्र आपापल्या जागी उलटं करते, शीट सुलट धरलं की डाव्या जागेवरचं चित्र उजवीकडं येतं. कापून अदलाबदल करायलाच लागते. नाही केलीस तर जवळचं लांब आणि लांबचं जवळ, चेहरा कुंभार गल्लीतल्या गणपतीच्या साच्यात आतनं बघितल्यासारखा दिसतो.

विषय कुठले घ्यायचे, तर एका लेन्सनं दोनदा काढायचं म्हणजे जे हलत नाही ते. खिद्रापूरचा कोपेश्वर यासाठीच बांधलाय असं वाटतं मला. स्वर्गमंडपात ४८ खांब, मधल्या गोलातले बारा, वर उघडं आभाळ, एका खांबामागनं दुसरा, त्यामागनं तिसरा. सपाट फोटोत ते सगळे खांब एकमेकांना चिकटतात आणि जोडीत सुटे होतात. संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडची परवानगी आधी काढून जा. पन्हाळ्यावर अंबरखान्याची आतली बाजू आणि तीन दरवाजा, दोन्हीकडं वारा लागत नाही. रंकाळ्यावर संध्यामठ घ्यायचा तर पहाटे, आणि एक्सपोजर काही सेकंदांचं कर, लाटा दोन्ही फोटोंत सारख्याच पुसल्या जातात. छोट्या शटरला प्रत्येक लाट दोन्हीकडं वेगळी येते आणि पाणी चरचरायला लागतं. पानांचंही तेच, वाऱ्यात झाड घेऊच नकोस. गुऱ्हाळाची वाफ मोहात पाडते, पण वाफ दोन फोटोंत कधी सारखी नसते. शीट खर्च करायच्या आधी दोन्ही जागांवरनं मोबाईलनं काढून डोळे तिरळे करून बघ, नव्वद टक्के घोळ तिथंच कळतात.

माणसं, कुस्ती असलं काही पाहिजे तर दोन कॅमेरे शेजारी लावून एका डबल केबल रिलीजनं एकदम मारायचे, दुसरा रस्ता नाही. दोन फोर बाय फाइव्ह खेटून ठेवले तरी लेन्स ते लेन्स सोळा-अठरा सेमी होतात, म्हणजे माणूस पाच मीटरच्या पुढंच. लेन्स दोन्ही एकाच मेकच्या, एकाच फोकल लेंथच्या बघ, तरी १५० लिहिलेल्या दोन लेन्सांत एखाद-दोन मिमीचा फरक निघतो आणि चित्रं लहानमोठी येतात. ते एन्लार्जरवर जुळतं, पहिला प्रिंट काढला की त्यातल्या दोन लांबच्या खुणांमधलं अंतर पट्टीनं मोज आणि दुसऱ्याला हेड वरखाली करून तेवढंच आण.